निरामिष आमिष

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मुलगा टेक्सासहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत माझ्यासाठी दोन वस्तू होत्या. एक रक्तदाब मोजायचं यंत्र आणि एक फूटभर लांबीची प्लास्टिकची पेटी. यंत्र मी खोक्यासकट कपाटात ठेवलं. पेटी मात्र तिथेच ओट्यावर बसून उघडली. आत बारीक बारीक कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात काहीतरी चमचमतं. पितळी पात्या, रबरी झालरी, लालभडक डोळे, शेपटीला पिसं. सौ. चहा घेऊन बाहेर आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "एवढे झुमके कोणासाठी आणले?"

मोजले तर त्रेसष्ट भरले. झुमके नव्हते ते, मासे फसवायची खेळणी होती. इंग्रजीत ल्युअर म्हणतात. मुलगा तिकडे सुटीच्या दिवशी बास नावाचा मासा धरायला जातो, ही सगळी त्या माशासाठी घडवलेली. आमच्याकडे बास नाही, आणि नसलेलाच बरा. जपाननं १९२५ साली हौसेनं आणून सोडला आणि आता आपले देशी मासे वाचवायला त्याच्याच मागे लागलेत. पण मुलाचा हिशेब सरळ होता. "बाबा, तुमची मरळ त्याच चालीची. दबा धरून बसते, जबडा मोठा, समोर काही हललं की झडप. चालेल हे."

मी निवृत्त मास्तर, विषय मराठी. मासा हाती लागो न लागो, शब्द धरायची खोड जात नाही. आमिष म्हणजे मुळात मांस. म्हणून तर मांस न खाणाऱ्याला निरामिष म्हणतात. गळाला लावायच्या वस्तूला भाषेनं मांसाचंच नाव दिलं, कारण गांडूळ, बेडकी, झिंगा यांपलीकडे तिथे काही लागेल असं कोणाच्या मनात आलं नसावं. (कणकेची गोळी लावणारे होते, पण त्यांना आमच्याकडे कोणी फारसं मोजत नाही.) आता माझ्या मांडीवर त्रेसष्ट निरामिष आमिषं होती. वास नाही, रक्त नाही, चव नाही. असलं काही एक शहाणा मासा तोंडात का घेईल?

या प्रश्नाच्या नादात तीन वर्षं गेली.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. गावाला तलाव आहे, म्हणजे इकडे बहुतेक गावांना असतोच. भंडारा तलावांचा जिल्हा. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा भावाभावांत शेत वाटावं तसे तलावही वाटले गेले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले. इथून जवळचा नवेगाव बांध कोलू पाटील कोहळीच्या नावानं सांगतात. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे राहिले, १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली आणि कागदोपत्री नाव पडलं 'माजी मालगुजारी तलाव'. त्याचं आखूड रूप मामा तलाव. आणि या मामा तलावावर माझी ज्यांच्याशी गाठ पडली, त्यांनाही सगळं गाव मामाच म्हणतं. ढिवर समाजाचे, म्हणजे पिढीजात मासेमार, पंचाहत्तरी उलटलेली, डोंगा अजून स्वतः हाकतात. तलाव त्यांच्या मत्स्य संस्थेकडे ठेक्यानं आहे. संस्था दर पावसाळ्यात रोहू, कटला, मृगलचं बीज सोडते. मरळ मात्र न सोडता येते, न विचारता राहते आणि वर ते बीजही खाते. त्यामुळे गरीनं एखाददुसरी मरळ काढायला संस्थेची हरकत नव्हती. मामांची होती की नव्हती ते मला बरंच उशिरा कळलं.

मामा झाडीबोली, म्हणजे इकडची पूर्व विदर्भातली बोली बोलतात. झाडीत ळ चा र होतो. तलावाची पाळ त्यांच्या तोंडी 'पार', मासोळी ती 'मासोरी', काळा तो 'कारा'. मी छत्तीस वर्षं वर्गात हे र खोडून ळ करत आलो. तलावावर मात्र तोंड उघडत नाही.

मुलानं त्या सुटीत एक गंमत सांगितली. टेक्सासच्या शेतांवर गुरांना पाणी मिळावं म्हणून ओढ्याला बांध घालून तळं करतात, आणि तिकडचे शेतकरी त्या तळ्याला 'टँक' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द हिंदुस्थानातून गेला. मुळाशी गुजराती टांकुं आणि आपलं टाकं असावं, त्यात पोर्तुगीजांचाही हात लागला असावा, असं कोशकार सांगतात. म्हणजे आमचं टाकं समुद्र ओलांडून टेक्सासच्या रानात जाऊन बसलं आणि त्या टाक्यातल्या माशासाठी केलेली खेळणी उलट्या वाटेनं आमच्या पाळीवर आली. मी हे मोठ्या कौतुकानं मामांना ऐकवलं. ते म्हणाले, "पानी तं सारकंच असते जी," आणि बिडी पेटवली.

मग त्यांनी पेटी पाहिली. घाटाच्या दगडावर उकिडवे बसले, एक खेळणं उचललं आणि आधी नाकाला लावलं. "वास नाई." खाली ठेवलं. दुसरं उचललं. "ह्याले बी नाई." रंगांकडे ढुंकून पाहिलं नाही. मुलानं तर खरेदी करताना रंगांवरच जीव टाकला होता: भोपळी हिरवा, काळा-निळा, पोपटी-पिवळा, एकेकाच्या पाच पाच छटा. शेवटी मामा मुलाला म्हणाले, "बाबू, पान्यात ओढ. हा का करते ते पाहू."

मुलगा दोरी ओढत राहिला, आणि मामांनी डोळे मिटून आपला तळहात पाण्यात बुडवून ठेवला.

मला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. तसं नव्हतं. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, पार्श्वरेखा. पाण्यात जरा हालचाल झाली की त्या रेघेला ती जाणवते. गढूळ पाण्यात, रात्री, डोळा निकामी असला तरी माशाला आपल्या कुशीला काय वळवळतंय ते कळतं. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्यांनी फक्त आपला हात माशाच्या जागी ठेवला.

एक होतं वाकवलेल्या तारेचं, सेफ्टी पिन अर्धी उघडावी तसं. एका टोकाला गळ आणि रबरी झालर, दुसऱ्या टोकाला गरगरणारी पाती. याला स्पिनरबेट म्हणतात. त्यात दोन प्रकार होते. एकाची पाती गोल, रुपयासारखी. दुसऱ्याची लांबट, विलोच्या पानासारखी. लांबट पाती ओढताना मामांच्या कपाळावर रेषही हलली नाही. गोल पाती आली आणि त्यांनी डोळे उघडले. "हा ठोकते." त्या रात्री मोबाईलवर वाचत बसलो. अमेरिकेतले जाणकार तेच सांगतात: पाणी निवळ असेल तर लांबट पात्याची चमक, गढूळ असेल तर गोल पात्याचा ठोका. 

वाचता वाचता आणखी बरंच सापडलं. या खेळण्यांचा इतिहास बहुतेक करून गरिबीचा आणि अपघाताचा आहे. व्हरमाँटमधल्या ज्युलिओ बुएल या माणसाच्या हातून जेवणाचा चमचा तळ्यात पडला, आणि लुकलुकत खाली जाणाऱ्या त्या चमच्यावर मासा तुटून पडला, अशी एकोणिसाव्या शतकातली कथा सांगतात. धातूच्या त्या आमिषाला आजही चमचाच म्हणतात. फिनलंडच्या लाउरी रापाला नावाच्या कोळ्यानं १९३६ साली बुचाच्या लाकडातून मासा कोरला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी गुंडाळली आणि वर फोटोची निगेटिव्ह वितळवून लेप दिला. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम या गृहस्थानं १९४९ च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकचं गांडूळ ओतलं. (त्या घरातल्या भांड्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न आमच्या सौ.ला पडला.) दुसऱ्या दिवशी चॉकलेटच्या चांदीची गोष्ट मामांना सांगितली, तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले. "आमी लाल चिंदी बांधत होतो जी. आईच्या लुगड्याची."

तर त्रेसष्टांतून मामांनी तीन काढली. काळ्या झालरीचं, गोल पात्याचं स्पिनरबेट. वीतभर लांबीचं काळं रबरी गांडूळ. आणि एक पोकळ रबरी बेडूक. बाकीची साठ त्यांनी हातानंच पेटीत सारली. त्यांत एक पोटात छर्रे भरलेला चपटा मासा होता, हलवला की खुळखुळणारा. त्याला तर ते म्हणाले, "हा पारन्यावर बांधा."

इथे मामा चुकले, हे मी पुढच्या उन्हाळ्यात सिद्ध केलं. त्याचं थोडं सांगतो, कारण आयुष्यात त्यांच्यापुढे माझं एवढंच एकदा खरं ठरलं.

दिवाळीच्या सुमारास आमचा तलाव भरलेला असतो. कमळ, शिंगाडा, काठाला बेशरमाची दाटी. तेव्हा मासा कुठे असेल हे शोधावं लागत नाही. जिथे पान तिथे तो. होळी झाली की पाणी उतरू लागतं. शेतीला सोडलेलं पाणी, ऊन, गुरं. वनस्पती सुकून तळाला बसतात आणि एप्रिलपर्यंत उरतं ते उघडं पाणी. सपाट, पिवळट, काठापासून काठापर्यंत एकसारखं. मळ्यातला आंबा तोडल्यावर पाहुण्याला घर सापडू नये तसं होतं. कुठे टाकायचं? सगळीकडेच मासा असेल, नाहीतर कुठेच नसेल.

मुलाला फोनवर विचारलं. त्यांच्याकडच्या उघड्या टँकवरही हाच पेच असतो म्हणे. तो म्हणाला, "पाण्यात जे एकटं आहे ते शोधा. एक खुंट, एक दगड, पाण्याच्या दाराजवळची भिंत. दबा धरणाऱ्याला पाठ टेकायला काहीतरी लागतं. काहीच नसेल तर वारा बघा. वारा ज्या काठाला लाटा नेतो, तिकडे बारीकसारीक खाणं गोळा होतं, त्याच्यामागे चिंगळ्या, चिंगळ्यांमागे मोठा. आणि काहीच कळत नसेल तर हळू नका जाऊ. आधी पाणी विंचरून काढा."

विंचरायला तो खुळखुळा लागतो. वजनदार असल्यानं लांब जातो. टाकायचा, जरा बुडू द्यायचा, भराभर ओढून घ्यायचा. मग हातभर सरकून पुन्हा, घड्याळाच्या काट्यानं सरकावं तसा. गळाला काही लागो न लागो, पंधरा मिनिटांत अख्खी बाजू चाळून होते, आणि कुठेतरी एखादा धक्का बसतो, एखादी सावली मागे येऊन वळते. तिथे थांबायचं. खुळखुळा सोडायचा आणि काळं गांडूळ लावायचं. या गांडुळाची एक खुबी आहे. पुढे गोळीच्या आकाराचं शिसं, आणि गळाचं टोक बाहेर न ठेवता गांडुळाच्याच अंगात रोवून ठेवलेलं. त्यामुळे ते काडीकचऱ्यात अडकत नाही, मासा चावला की मगच टोक बाहेर येतं. याला टेक्सास रिग म्हणतात. ते तळावर पडू द्यायचं आणि मग काही करायचं नाही. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला ही शिक्षाच. दहा आकडे मोजायचे, दोरी बोटभर उचलायची, पुन्हा दहा आकडे.

मरळीनं आपल्यासाठी एक सोय करून ठेवली आहे, जी बासकडे नाही. मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. तिला हवेतला श्वास लागतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं वर यावंच लागतं. आरशासारख्या उघड्या पाण्यावर पहाटे एक वर्तुळ उमटतं, 'बुळुक' असा आवाज होतो, की समजायचं, बाई इथे आहेत. वर्तुळावर टाकायचं नाही, ती दचकते. पलीकडे टाकून तिच्या वाटेनं आणायचं. त्या एप्रिलात खुळखुळ्यानं पाण्याच्या दाराजवळचा बुजलेला खुंट सापडला आणि तिथे सव्वा किलोची मरळ गांडुळावर आली. मामांनी ती पाहिली, पेटीतला खुळखुळा पुन्हा उचलून हलवला आणि म्हणाले, "पारन्यावर बांधायचा नाई हा." एवढंच. माझ्यासाठी ते ताम्रपट होतं.

रंगांचं राहिलं. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये बासच्या नजरेची परीक्षा घेतली. त्याला लाल आणि हिरवा नीट ओळखता येतो. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत, तसंच निळा आणि काळा यांत त्याचा गोंधळ उडतो. म्हणजे मुलानं ज्या काळ्या आणि निळ्या छटांसाठी वेगवेगळे डॉलर मोजले, त्या छटा माशाच्या लेखी एकच. मरळीची अशी परीक्षा कोणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्या गढूळ पाण्यात मी काळंच लावतो. काळ्याची सावली पडते, आणि खालून वर पाहणाऱ्याला उजेडासमोर सावलीच तेवढी स्पष्ट दिसते.

जगातला सर्वांत मोठा मानला गेलेला बास जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी या शेतकरी पोरानं २ जून १९३२ रोजी धरला. २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या किंचित वर. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात त्याच्या बरोबरीचा एक मिळाला, तो धरून विक्रम आता दोघांच्या नावावर आहे. १९३२ चे ते मंदीचे दिवस होते. पेरी आणि त्याच्या सोबत्याकडे मिळून एकच ल्युअर होतं असं सांगतात, आणि मासा घरच्यांनी खाऊन टाकला. हे वाचल्यापासून त्रेसष्ट कप्प्यांची पेटी उघडताना जरा लाजल्यासारखं होतं. शिवाय त्या पेटीनं आजवर सर्वांत मोठी शिकार केली ती माझीच. तीन तोंडांचा गळ सोडवताना तो करंगळीत असा रुतला की धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. परिचारिका बाईंनी विचारलं, "कशानं लागलं?" मी म्हटलं, "खेळण्यानं." त्यांनी नोंदवहीत वय पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

आता बेडकाचं.

पोकळ रबराचा तळहातात मावणारा बेडूक. दोन गळ, पण त्यांची टोकं वरच्या बाजूला, पाठीला चिकटून. पानांवरून, शेवाळावरून, बेशरमाच्या काड्यांवरून तो कुठेही न अडकता सरकतो. माशानं जबड्यात दाबला की रबर चेपतं आणि टोकं उघडी पडतात. मासा उसळला की लगेच झटका द्यायचा मोह होतो. द्यायचा नाही, मनात 'एक, दोन' म्हणायचं आणि मग. खऱ्या बेडकापेक्षा तो दिसायला ओबडधोबड आहे, पण पाण्यावर चालतो मात्र हुबेहूब. मरळीसाठी पेटीत एकच ठेवायचं म्हटलं, तर कोणीही हाच ठेवील.

त्या जुलैत पाऊस लागून होता. सांडवा, इकडे ज्याला सलंग म्हणतात, त्याच्या अलीकडे उथळ पाण्यात मला परातीएवढ्या जागेत पाणी उकळल्यासारखं दिसलं. जवळून पाहिलं तर लालसर-केशरी पिल्लांचा थवा. शेकडो. सगळी एकदम वर येत, एकदम खाली जात. मी मुलाला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर यायच्या आत मी बेडूक थव्याच्या पलीकडे टाकला आणि थव्यावरून ओढला.

'एक' सुद्धा म्हणायची वेळ आली नाही. पाणी फाटलं. ती ज्या रागानं आली तशी मरळ मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. दोन किलोच्या आसपास होती. काठावर आणली, डोक्यात मारली, वेलीत ओवली आणि फुशारकीनं पाळीवरून निघालो. मामा समोरून येत होते.

त्यांनी मरळ पाहिली नाही. माझ्या मागे, सलंगाकडे पाहिलं. "पिल्लायवरची हाये का?"

मी हो म्हटलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मामा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले, ओट्यावर न बसता उभ्यानंच म्हणाले, "चला." सलंगाजवळ नेलं. थवा फुटला होता. आठ-दहा पिल्लं इकडे, पाच-सहा तिकडे, काठाशी दोन बगळे आणि आत तिलापियांची टोळी. आम्ही अर्धा तास उभे राहिलो असू. तेवढ्या वेळात केशरी रंग दिसेनासा झाला. "भुकेल्याले फशिवलं तं चालते जी," मामा म्हणाले. "ते भुकेली नोती." त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मुलाचं उत्तर आदल्या संध्याकाळीच आलं होतं: 'बाबा, त्यांच्यावर टाकू नका.' मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं.

नंतर बरेच दिवस मी घरात सांगत होतो की माझ्या हातून आई मारली गेली. मग पुस्तक काढलं. मरळीची पिल्लं कधी दोघं मिळून राखतात, पण पहाऱ्याला बहुधा नर असतो. मराठीत मरळ स्त्रीलिंगी, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आई उभी राहिली. व्याकरणानं मलाही गळाला लावलं. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बासमध्येही बापच." नर शेपटीनं तळ झाडून परातीसारखा खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि पुढे अंडी, पिल्लं, सगळं नरावर. त्या दिवसांत तो फारसं खातही नाही. जवळ येईल त्याच्यावर मात्र तुटून पडतो. त्याला धरून लगेच सोडला तरी तेवढ्या मिनिटांत बारके सनफिश येऊन अंडी फस्त करतात. काही ठिकाणी म्हणून त्या हंगामात बासवर बंदी असते. जिथे नाही तिथे लोक वाद घालतात. "मी पहिल्या वर्षी धरला होता एक," मुलगा म्हणाला. मग तिकडून काही वेळ आवाज आला नाही. मला वाटलं रेंज गेली.

तेव्हा कुठे माझा मूळ प्रश्न जरा सुटल्यासारखा झाला. वास नाही, रक्त नाही, चव नाही, तरी मासा हे तोंडात घेतो, कारण तो दर वेळी खायला म्हणून येतच नाही. काळं गांडूळ भुकेला फसवतं. खुळखुळा आणि ठोकणारी पाती चिडीला फसवतात. झोपलेल्या माणसाच्या कानाशी डास यावा तसं ते होतं. आणि बेडूक, त्या महिन्यात, त्या जागी, पहाऱ्याला फसवतो. दुकानात हे कप्प्यावर लिहिलेलं नसतं. तिथे लिहिलेलं असतं वजन, खोली आणि रंग.

आमच्याकडे पहाऱ्याच्या या माशाला तशीही फार किंमत नाही. बाजारात आहे, काटे कमी म्हणून; आजारातून उठलेल्याला, बाळंतिणीला देतात. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्याच्या रुग्णांना औषध भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. दमा जातो का, हा भाग वेगळा. शेजारच्या तेलंगणानं मरळीला राज्यमासा केलं. आपल्या राज्यानं २०२३ मध्ये पापलेटला केलं. मुंबईच्या ताटात वाकून निवडलं असणार. इथे अर्जुनीच्या बाजारात पापलेट बर्फात येतं, डोळे पांढरे झालेलं, आणि तेही कधीमधी.

सोळाव्या दिवशी मामा आले. हात पुढे केला. "बेंडूक द्या."

मला वाटलं फेकून देणार. दिला. त्यांनी तो धोतराच्या सोग्यात बांधला आणि सायकलवर बसून गेले. विचारायची हिंमत झाली नाही. कोजागिरी झाली, भातं पिवळी पडली, आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मामा फराळाला आले तेव्हा खिशातून तो काढून बशीशेजारी ठेवला. धुतलेला, गळांना खोबरेल लावलेलं, गंजाचा ठिपका नाही. "घ्या. आता चालते. पिल्लं मोठे झाले."

तेव्हापासून तसंच चाललंय. मृगाच्या आगेमागे ते नेतात, दिवाळीला आणून देतात. यंदा पहिला पाऊस रात्री पडला. सकाळी मी पेटी उघडून बेडूक ओट्याच्या कठड्यावर काढून ठेवला आणि वर्तमानपत्र घेऊन बसलो. दहाच्या सुमारास सायकल वाजली. मामांनी बेडूक उचलला, उलटा करून गळ पाहिले, मग उघड्या पेटीकडे बघत उभे राहिले. गेल्या तीन वर्षांत तिच्यातली बरीच खेळणी बेशरमाच्या बुडख्यांना अर्पण झाली आहेत. बावीस उरली असतील.

"हा ठोकनारा बी द्या," ते म्हणाले. "तुमचा भरोसा नाई."